दारातली रेघ

माझे पाय दारात अडकतात. हे मी इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की आता सांगताना मलाच कंटाळा येतो. पण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून एकदाच सांगून टाकते. मोकळ्या जागेत मी चालते. हळू, डावा हात अंगाशी धरून, पण चालते. मग समोर दार येतं. दार उघडं असतं, पलीकडे कुणी नसतं, मला आत जायचं असतं, आणि नेमके तिथेच पाय जमिनीला चिकटतात. मी त्यांना सांगते, चला. ते ढिम्म हलत नाहीत. काही वेळाने त्यांना काय वाटतं कोण जाणे, सुटतात आणि काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागतात.

आजाराचं नाव पार्किन्सन्स. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट. अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहायचं आणि शेजारच्या वूस्टरमध्ये एका हॉस्पिटलात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. त्या नोकरीत मी हा आजार झालेले मेंदू उघडून पाहिलेले आहेत. चांगल्या मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना एक काळी रेघ असते. नुसत्या डोळ्यांनी दिसते, काजळाचं बोट ओढावं तशी. या आजारात ती फिकट होत जाते. परक्यांच्या मेंदूतल्या पुसट रेघा मी शांतपणे पाहिल्या आणि शांतपणे रिपोर्टात लिहिल्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा रडू आलं नाही, राग आला. अजूनही येतो.

बरेच दिवस मी आणि नवऱ्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे आजार म्हटला की लोक घरी डबे घेऊन येतात आणि निघताना आवाज खाली करून बोलतात, ते मला नको होतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी चोरी पकडली जायची वेळ आली. आमचं मंडळ उत्सवासाठी एका शाळेचा हॉल घेतं. मी हातात वाटल्या डाळीचं मोठं पातेलं घेऊन हॉलच्या दारात पोचले आणि अडकले. मागे रांग लागली. आता हीच गोष्ट इथल्या कुठल्याही दुकानात झाली असती तर लोक ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून बाजूने गेले असते. पण मागची सगळी मंडळी आपलीच. त्यांना वाटलं, मी मानपान करते आहे, कुणी मोठं आधी जावं म्हणून थांबले आहे. एक काका म्हणाले, आधी तुम्ही. त्यांच्या मागच्या काकू म्हणाल्या, छे छे, प्रसाद तुमच्या हातात आहे, तुम्हीच आधी. मी काही बोलेना आणि हलेना. तेव्हा काकांनी विचारलं, मुहूर्त लागायचा आहे का? मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून म्हटलं, इथून डेकोरेशन फार छान दिसतंय. झालं. सगळे तिथेच थांबले, फोन काढले आणि माझ्या खांद्यावरून गणपतीचे फोटो घ्यायला लागले. फोटो संपेपर्यंत माझे पाय सुटले आणि मी डाळ घेऊन आत गेले. सगळ्यांच्या फोनमध्ये त्या वर्षीच्या गणपतीचा एकच फोटो आहे, दारातून घेतलेला, आणि त्याच्या कोपऱ्यात माझा कान आहे.

सायकलची गोष्ट त्यानंतरची. फिजिओथेरपीच्या मुलीने मला एकदा व्यायामाच्या सायकलवर बसवलं. खोलीच्या दारात मी बराच वेळ खांबासारखी उभी होते, तिने धीराने वाट पाहिली होती. सायकलवर बसले मात्र, आणि पाय फिरायला लागले. अडखळले नाहीत, लटपटले नाहीत, शहाण्यासारखे गोल गोल फिरत राहिले. मी खाली वाकून त्यांच्याकडे बघतच राहिले. हेच का ते? मुलगी म्हणाली, असं होतं बऱ्याच पेशंटांचं, चालता येत नाही पण सायकल येते. का, हे तिला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी वाचत बसले. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. आजार झाल्यापासून पहिल्यांदाच मला त्याच्याबद्दल रागाऐवजी कुतूहल वाटलं. आपल्याच पायांत एक कोडं घालून दिलेलं आहे, आणि मी रिटायर होऊन रिकामी बसले आहे.

मी नागपूरची. आमच्या वेळी मुलींनी कॉलेजला सायकलने जायचं हे ठरलेलंच असे. उन्हाळ्यात चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळून, हँडलला डबा अडकवून आम्ही तापलेल्या डांबरावरून जात असू. ते पायांना आठवत होतं की काय? एका रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नवऱ्याने मला खरी सायकल दिली आणि मागचं कॅरिअर धरून धावायला लागला. दोन वळणांनंतर त्याला दम लागला आणि त्याने हात सोडला. मी पुढे गेले ती तळ्याच्या रस्त्यापर्यंत गेले. थांबायचं कसं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. एका हिरवळीत शिरून आडवी झाले. नवरा धापा टाकत आला तर मी पडल्या पडल्या हसत होते.

मग आमच्यातला जुना विषय निघाला. माझा नवरा पुण्याचा, सिव्हिल इंजिनिअर. त्याला जुन्या भिंतींचं वेड. तरुणपणी गड चढला, इथे आल्यावर पुलांचे पाये पाहत फिरला. कुठेही जुनी भिंत दिसली की दोन दगडांमधल्या फटीवर बोट फिरवून बघायचं, ही त्याची सवय. रिटायर झाल्यावर जर्मनीत टाउबर नावाच्या लहानशा नदीच्या काठाने सायकलने जायचं, मध्ये लागतील ती मध्ययुगातली तटबंदीची गावं बघायची, हे त्याने केव्हाचं ठरवून ठेवलेलं. माझे पाय अडकायला लागण्याआधीच बुकिंगही केलेलं. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने जातं, आपण नुसतं सायकल चालवायची, रस्ता जवळजवळ सपाट. माझ्या आजारानंतर त्याने तो विषय काढणंच सोडून दिलं होतं. आता मीच काढला.

तो म्हणाला, मी टूर कॅन्सल केली आहे. मी म्हटलं, मला न विचारता? तो म्हणाला, करणार आहे. पुण्याच्या माणसाला वाद हरलेला चालत नाही, आणि मला वाद संपलेला चालत नाही, त्यामुळे हे बरेच दिवस चाललं. शेवटी प्रकरण मुलीकडे गेलं. आमची एकुलती एक मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला असते, चिप डिझाइनमध्ये आहे. तिचं म्हणणं आमच्या दोघांहून वेगळंच होतं. तिच्याच कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावरचं एक अपार्टमेंट रिकामं होणार होतं. जिना नाही, बर्फ नाही, ती दोन मिनिटांवर. श्रूजबरीचं घर विकून आम्ही तिकडे यावं. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, “आई, यू कान्ट इव्हन वॉक थ्रू अ डोअर. सायकल टूर कसली करतेस?”

बोलणं तिचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. ते घर मी नोकरी करता करता उभं केलेलं. मागे मी लावलेलं नासपतीचं झाड आहे, तळघरात माझा जुना मायक्रोस्कोप आहे, शेजारणीला माझ्या हाताची लसणाची चटणी लागते. सनीव्हेलला गेले तर मी लेकीच्या शेजारची आजारी आई होणार. तिची माया मला कळत होती, पण मला अजून कुणाच्या शेजारची व्हायचं नव्हतं. मी रागाच्या भरात पैज लावली. ही टूर मी नीट पूर्ण केली तर हे घर राहील आणि पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमली, तर आल्यावर मी निमूटपणे सामान बांधीन. मुलगी म्हणाली, डील. नवऱ्याने टूर कॅन्सल केली नाही.

सप्टेंबरात आम्ही जर्मनीत पोचलो. सायकली मिळाल्या त्यांना मधला दांडा नव्हता, पाय उचलून ओलांडावं लागत नव्हतं. पहिल्या सकाळी निघालो आणि पाचच मिनिटांत माझ्या मनातली भीती गेली. नदी म्हणजे आपल्याकडचा ओढा. तिच्या कडेने सायकलींसाठीच बांधलेली गुळगुळीत वाट. एका अंगाला उतारावर द्राक्षांचे मळे, दुसऱ्या अंगाला मका, मधूनच सफरचंदाचं झाड आणि खाली गवतात पडलेली, कुणी न उचललेली फळं. लहान लहान वाड्या, जुन्या पाणचक्क्या, शेताच्या बांधावर दगडी क्रूस, त्यापुढे ताजी फुलं. मी प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून बघत होते. घरी मी चालताना फक्त जमिनीकडे बघते, पुढचं पाऊल कुठे पडणार याकडे. सायकलवर मला वरचं जग परत मिळालं. मी डॉक्टर असून लिहिते आहे, पण सायकलवर असताना मी आजारी नव्हते.

थांबणं तेवढं अवघड होतं. त्यावर नवऱ्याने युक्ती काढली. थांबायचं ठिकाण आलं की तो पुढे जाणार, आपली सायकल गवतात टाकून देणार आणि रस्त्यात उभा राहून माझं हँडल धरणार. समोरून येणाऱ्या लोकांना वाटे, हा माणूस बाईची सायकल अडवतो आहे. एका आजोबांनी तर थांबून त्याला खडसावलं. भाषा आम्हाला कळली नाही, पण सूर कळला. मी आजोबांना हसून हात केला तेव्हा कुठे ते गेले. मग आम्ही बाकावर बसून चिवडा खाल्ला.

दुपारी पहिलं तटबंदीचं गाव आलं. लांबून फार सुंदर दिसत होतं. मळ्यांच्या खाली करड्या भिंती, त्यावर लाल कौलं, मध्ये बुरूज. वेशीच्या दरवाजाशी पाटी होती की सायकलवरून उतरा. उतरलो. दरवाजा म्हणजे एक लांबट बोळकांडी, वर दगडी कमान, आत अंधार, पलीकडे ऊन. नवरा कमानीकडे बघत पुढे गेला आणि मी त्या बोळकांडीच्या तोंडाशी अडकले.

तशी मी जन्मात अडकले नव्हते. मागून एक टेम्पो आला. वाट एकाच गाडीची. त्याच्या मागे दुसरी गाडी, मग पर्यटकांचा एक घोळका. नवरा धावत आला आणि त्याने घाबरून माझा हात ओढला. ओढलं की पाय आणखी घट्ट होतात, हे त्याला माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला कुठे काय आठवतं. टेम्पोवाल्याने भोंगासुद्धा वाजवला नाही. तो खाली उतरला आणि त्याने आपला दंड माझ्यापुढे धरला. घोळक्यातली माणसं भल्या मनाने दुसरीकडे बघत होती. त्यांनी हसायला हवं होतं, मला ते बरं वाटलं असतं. शेवटी टेम्पोवाला आणि नवरा अशा दोघांनी मला दोन्ही बाजूंनी जवळजवळ उचलूनच दरवाजातून नेलं.

आत चौकात विहिरीच्या कठड्यापाशी मी बसले. नवरा पाणी घेऊन आला. मी त्याला म्हटलं, लेकीला कळवा, ते अपार्टमेंट घ्या. ही सगळी गावं दरवाजांचीच आहेत, मला कशी दिसणार? तो माझ्या शेजारी बसला. एवढ्या जुन्या गावात बसून तो एकाही भिंतीकडे बघत नव्हता, यावरूनच मला कळलं की त्याला काय वाटतंय. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मुक्कामाची खानावळ त्याच चौकात होती. खाली जेवणघर, वर खोल्या. आता पुन्हा दार. मी डोळे पुसले, उठले, मनातल्या मनात सनीव्हेलच्या तळमजल्यावर सामान लावत चालत गेले आणि आत पोचले. खुर्ची ओढून बसलेसुद्धा. नवरा दोन पिशव्या घेऊन मागून आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

“तू आत कशी आलीस?” त्याने विचारलं.

मलाही तेव्हाच सुचलं की मध्ये दार होतं. मी मागे वळून बघितलं. दाराला दगडी उंबरा होता. चांगला वर उचललेला, मध्ये झिजून खोलगट झालेला. अमेरिकेत घरांना असा उंबरा नसतो, खोलीतून खोलीत जमीन सपाट वाहत जाते. इथे तो होता, आणि मी तो न बघता ओलांडला होता. कारण नागपुरात चालायला शिकले तेव्हापासून आईने डोक्यात घातलेलं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. उंबऱ्यावर लक्ष्मी असते. पाय उचलायचा आणि पलीकडे ठेवायचा. मेंदूतली जी रेघ पुसली जाते आहे तिने हे काम कधी केलंच नसावं. हे काम आईने दिलेल्या धाकाचं होतं.

मी परत उठले आणि बाहेर गेले. मग आत आले. परत बाहेर गेले. पाय एकदाही चिकटले नाहीत. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी मी त्या दारातून आत-बाहेर करत होते आणि माझं मलाच हसू येत होतं. खानावळीची बाई ॲप्रनला हात पुसत आली. तिला वाटलं, दार बिघडलंय. तिने बिजागरी हलवून पाहिली, दार लावून उघडून पाहिलं, आणि ठीक आहे म्हणून मान हलवली. नवऱ्याने तिला कॉफी आणायला सांगितलं. पोरीला फोन करू का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, थांबा.

पुढचे दिवस आमचे फार मजेत गेले. आता आमच्याकडे काम होतं. गाव आलं की नवरा आधी दरवाजा बघून यायचा आणि खबर द्यायचा. एका दरवाजाखाली जमिनीत आडवी दगडी पट्टी होती, बाकी फरसबंदीहून वेगळ्या रंगाची. उंचवटा काहीच नाही, नुसती पट्टी. तिच्यावरून पाय गेले. म्हणजे उंबरा उंच असायला हवा असं नाही, ओलांडण्यासारखं काहीतरी आडवं दिसलं पाहिजे. एका गावात तटाला लागून सूर्यघड्याळं होती, त्यांच्या सावल्यांच्या रेघा भिंतींवर. भिंतीवरची रेघ उपयोगाची नाही, हेही करून पाहिलं. पावसाचं पाणी जायची उथळ नाली चालते. झाडाची सावली कधी चालते, कधी नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेशी काचेवर ठेवून बघितल्या. आता मीच काचेवर होते, बघणारीही मीच. नवऱ्याला इतक्या वर्षांत माझं काम पहिल्यांदा कळत होतं. तो म्हणाला, तुझं बरं आहे, आतलं बघायला तुला भिंत पाडायला लागत नाही.

मग एका गावातल्या राजवाड्यात गेलो. वाडा जुना, पण तिकिटाच्या खोलीला नवं काचेचं दार बसवलेलं. खाली चकचकीत सपाट फरशी, रेघ नाही, पट्टी नाही, काही नाही. मी अडकले. नवऱ्याने खिसे चाचपले, जमिनीवर आडवी ठेवायला छत्री चालली असती, पण ती सायकलवर राहिली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि आपलं पाऊल आडवं माझ्या पावलांपुढे ठेवलं.

“ओलांड,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. माणसाला ओलांडायचं नसतं. लहानपणी झोपलेल्या भावाला चुकून ओलांडलं तर आई तसंच परत उलटं ओलांडायला लावायची, नाहीतर त्याची उंची खुंटते म्हणून. आणि हा तर नवरा, वयाने मोठा. चुकून पाय लागला तरी आपण हात जोडून नमस्कार करतो. मी इथे इतकी वर्षं राहिले, पटले नाहीत ते सगळे रिवाज मोडले, पण हे माझ्या अंगातून गेलेलं नव्हतं.

“तुमची उंची खुंटेल,” मी म्हटलं.

“वाढायची तेवढी वाढली. तू ओलांड.”

मी पाय उचलला आणि त्याच्या पावलावरून पलीकडे ठेवला. मग दुसरा. आत गेल्यावर माझा हात आपोआप नमस्काराला खाली गेला, पण पाठ तेवढी वाकत नाही. त्याने तो मध्येच धरला. या माणसाने लग्नात सप्तपदीलासुद्धा भटजींना लवकर आटपा म्हटलं होतं. त्या काचेच्या दारात मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे, तो वाचेलच.

शेवटच्या गावात आमची नदी एका मोठ्या नदीला मिळते. तिथे दरवाजाशी सायकलवरून उतरायची पाटी होती. उतरलो. नवऱ्याने मला पाऊल दिलं, मी ओलांडलं, आणि आम्ही दोन्ही सायकली ढकलत पाण्यापर्यंत गेलो. तिथून मी मुलीला फोटो पाठवला. तिचा अंगठा आला. त्यावरून काही कळेना.

घरी परतल्यावर नवऱ्याने पहिलं काम केलं ते रांगोळी शोधण्याचं. दिवाळीच्या खोक्यातून डबा काढून त्याने सगळ्या दारांत लाकडी जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढल्या. इंजिनिअरचा हात, सरळ आणि सारख्या. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून खोलीत, न थांबता चालत गेले. मग हीटिंग सुरू झालं. जमिनीतल्या जाळ्यांतून वारा आला आणि सगळी रांगोळी घरभर पसरली. आम्ही दोघं खोकत उभे. दुसऱ्या दिवशी तो रंगकामाची निळी चिकटपट्टी घेऊन आला. आता आमच्या घरात प्रत्येक दारात एक आडवी निळी पट्टी आहे. मंडळातल्या काकू आल्या होत्या, त्यांनी विचारलं, रिनोव्हेशन काढलंय का? मी त्यांना सगळं सांगून टाकलं, गणपतीच्या फोटोसकट. त्या आधी हसल्या, मग त्यांनी माझा हात धरला आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्याच. आवाज मात्र खाली करून बोलल्या नाहीत.

मुलीला पट्ट्या पटल्या नव्हत्या. फोनवर बापाला म्हणाली, दॅट्स अ ट्रिप हॅझर्ड, बाबा, अडखळून पडेल ती. पैजेचं तिने काही काढलं नाही, मीही काढलं नाही. टूर मी पूर्ण केली होती, पण पहिल्या गावात मला उचलून न्यावं लागलं, हेही मी लपवलं नव्हतं. त्याला नीट म्हणायचं की नाही, ते तिने ठरवायचं होतं. काही दिवस ती नुसतं हवापाणी विचारत राहिली. मी नासपतीच्या झाडाकडे बघत राहायची आणि मनात तळघर आवरायला घ्यायची.

मग एका शनिवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. केस बांधलेले, गुडघ्यांवर बसलेली. म्हणाली, ते तळमजल्याचं अपार्टमेंट तिने जाऊ दिलं. दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मी नवऱ्याचा हात धरला. मग तिने फोन फिरवला आणि मला तिच्या घराचं दार दाखवलं. तिच्याकडेही जमिनीवर निळी पट्टी होती.

“तुम्ही भेटायला याल तेव्हा असावी म्हणून,” ती म्हणाली. “फॉर व्हिजिट्स.”

ती फोन घेऊन घरभर फिरली. बाहेरच्या दारात पट्टी, हॉलच्या दारात पट्टी. भेटायला येणाऱ्या माणसाला एवढं पुरे. पण ती थांबली नाही. आतल्या खोलीच्या दारात होती, बाथरूमच्या दारात होती, कपडे धुवायच्या मशीनच्या बोळातही होती. मी मोजल्या नाहीत. माझं घर तिने मला परत दिलं होतं, आणि ते जेव्हा राहणार नाही त्या दिवसाची तयारीही करून ठेवली होती. ते दोन्ही मला एकाच वेळी कळलं, आणि मी ते कळल्याचं तिला दाखवलं नाही. कारण मला आणखी एक गोष्ट दिसत होती. तिने सगळ्या पट्ट्या उभ्या लावल्या होत्या. एअरपोर्टवर विमानासाठी आखतात तशा, दारातून सरळ आत जाणाऱ्या. वाट दाखवणाऱ्या. त्यांच्यात ओलांडण्यासारखं काही नव्हतं. ती कधी उंबऱ्याच्या घरात राहिलेलीच नाही, तिला कुठून माहीत असणार?

“उभ्या नाही गं,” मी म्हटलं. “आडव्या लागतात.”

“म्हणजे कशा?”

मी उठले. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, नवऱ्याने फोन खाली माझ्या पायांवर धरला, आणि मी पट्टी ओलांडून दाखवली. मग परत अलीकडे आले आणि पुन्हा एकदा ओलांडली. नवऱ्याने फोन वर केला तेव्हा ती आपल्या दारात मांडी घालून बसली होती आणि नखाने पट्टी उचकटत होती. तिने ती दारात आडवी धरली आणि मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

“अशी?”